ग्रॅच्युइटीतून कापलेली रिकव्हरी परत मिळते का?

पत्र थोडक्यात असे आहे:

"राज्य शासनाच्या एका जिल्हा कार्यालयातून मी ३१ मे २०२५ रोजी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. नोकरी १९९१ची. बारा वर्षे झाल्यावर २००३ मध्ये आश्वासित प्रगती योजनेचा लाभ (बढतीविना वरच्या पदाची वेतनश्रेणी) मिळाला आणि २०११ मध्ये वरिष्ठ लिपिकपदी प्रत्यक्ष बढती झाली. निवृत्तीच्या आधी सर्व्हिस बुक वेतन पडताळणी पथकाकडे गेले, तेव्हा आक्षेप निघाला की बढतीच्या वेळी एक वेतनवाढ जादा दिली गेली आहे. एप्रिलमध्ये ऑफिसने एका छापील हमीपत्रावर सही घेतली, 'नाहीतर पेन्शनची फाईल पुढे जाणार नाही' म्हणाले. १४ ऑगस्ट २०२५च्या पत्राने माझ्या ग्रॅच्युइटीतून २,८६,४२० रुपये कापले. नोटीस कधी आलीच नाही. साहेब म्हणतात, शासनाचा पैसा आहे, पेन्शन नियमांत १३४-अ आहे, कोर्टात जाऊन काही होणार नाही. हे खरे आहे का? दुसरे असे की, माझ्या मुलाला पुण्यातल्या कंपनीने तीन महिने पगार जादा दिला आणि आता एकदम कापणार आहेत. त्यालाही हाच नियम लागू होतो का?"

नमस्कार ताई,

साहेबांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि त्या निम्म्याच्या भीतीनेच बरेच निवृत्त कर्मचारी गप्प बसतात. मुलाचे नंतर पाहू. त्याचा कायदाच वेगळा आहे.

आधी एक फरक पक्का करून घ्या, कारण अर्जात तो चुकला की सगळी मांडणीच घसरते. तुमच्या बाबतीत ऑफिसने दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्या आहेत. पहिली म्हणजे २०११पासूनची वेतननिश्चिती दुरुस्त करून वेतन खाली आणले. दुसरी म्हणजे मधल्या चौदा वर्षांत दिलेला फरक वसूल केला. चुकलेली वेतननिश्चिती दुरुस्त करायचा अधिकार शासनाला आहे आणि न्यायालये सहसा त्यात हात घालत नाहीत. दिलेले पैसे मागे घेण्यावर मात्र मर्यादा आहेत. "आक्षेपच रद्द करा आणि पैसेही परत द्या" असा सरमिसळ अर्ज केला, तर उत्तर फक्त आक्षेपावर येते आणि वसुलीचा मुद्दा अनुत्तरित राहतो. दोन्ही मुद्दे वेगळे लिहा.

आता आक्षेप बरोबर आहे का, ते बघू. पत्रात तुम्ही हे विचारलेले नाही, पण पैशाच्या दृष्टीने हाच प्रश्न मोठा आहे. कालबद्ध पदोन्नती (८ जून १९९५चा शासन निर्णय) आणि त्यानंतरची सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना (२० जुलै २००१) यांच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. वरच्या पदाची वेतनश्रेणी आधीच मिळाली असेल आणि त्या वेळी वेतननिश्चितीचा फायदा दिला गेला असेल, तर पुढे त्याच वेतनश्रेणीच्या पदावर प्रत्यक्ष बढती मिळाल्यावर तो फायदा दुसऱ्यांदा मिळत नाही. खुर्ची बदलते, कामाचा भार वाढतो, वेतन तेच राहते. लोकांना हे अन्यायाचे वाटते आणि त्यात तथ्यही आहे, पण योजना तशीच आहे. तुमच्या ऑफिसने २०११ मध्ये नेहमीच्या बढतीसारखे फिक्सेशन (वेतननिश्चिती) करून एक वेतनवाढ घातली असेल, तर आक्षेप टिकेल.

मात्र २००३चा लाभ आणि २०११ची बढती खरोखर एकाच वेतनश्रेणीच्या होत्या का, हे सर्व्हिस बुकात स्वतः पाहा. सहाव्या वेतन आयोगात काही पदांचा ग्रेड पे (पदानुसार ठरणारा वेतनाचा भाग) बदलला. आश्वासित प्रगतीत मिळालेला ग्रेड पे आणि बढतीच्या पदाचा ग्रेड पे वेगळे असतील, तर आक्षेपाचा पायाच ढासळतो. पथकाचा शेरा आपोआप अंतिम होत नाही. ऑफिसने कारणे देऊन फेरतपासणीसाठी प्रकरण परत पाठवता येते, आणि शेरे मागे घेतलेही जातात.

यावर जोर देण्याचे कारण आकड्यांत आहे. २०११ मध्ये तुमचे वेतनबँडमधील वेतन अधिक ग्रेड पे १५,२०० होते असे धरा. तीन टक्के म्हणजे ४५६, पुढच्या दहाला पूर्ण करून ४६०. इतकीच जादा वेतनवाढ. पण दरवर्षीची तीन टक्के वाढ तिच्यावरही बसते, त्यामुळे २०१५च्या शेवटी ती साधारण ५३० होते. १ जानेवारी २०१६ला सातव्या आयोगाचा २.५७चा गुणक लागला की सुमारे १,३६०, आणि निवृत्तीपर्यंत नऊ वेतनवाढी धरून पावणेअठराशेच्या आसपास. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. चारशे साठ रुपयांच्या चुकीचे पावणेतीन लाख असे होतात. त्यात कोणी घोटाळा केलेला नसतो.

याच आकड्याची दुसरी बाजू पाहा. मूळ वेतन पावणेअठराशेने खाली आले की पेन्शन त्याच्या निम्म्याने, म्हणजे दरमहा जवळपास नऊशेने कमी होते, आणि त्यावरचा महागाई भत्ता वेगळा. ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणही (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) शेवटच्या वेतनावरच ठरते. हे नुकसान आयुष्यभराचे आहे आणि वसुली थांबवणाऱ्या निकालांनी ते भरून निघत नाही. त्यामुळे फिक्सेशन तपासण्याआधी "पैसे तेवढे परत द्या, दुरुस्ती मान्य आहे" असे लेखी देऊन टाकू नका.

वसुलीविरुद्धचा तुमचा मुख्य आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा १८ डिसेंबर २०१४चा निकाल. सरकारी ऑफिसांत तो इतका उद्धृत होतो की नुसते "मसीह" म्हटले तरी लेखा शाखेत कळते. चूक मालकाची असेल, तर पाच परिस्थितींत वसुली करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे: कर्मचारी वर्ग तीन किंवा चारचा असेल तर, निवृत्त झाला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणार असेल तर, जादा रक्कम आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर, वरच्या पदाचे काम चुकीने करून घेऊन त्याचे वेतन दिले असेल तर, आणि वसुली इतकी जाचक ठरत असेल की मालकाच्या हक्कापेक्षा कर्मचाऱ्याचे नुकसान फार जड होते, असे न्यायालयाला वाटले तर.

तुम्ही यांतल्या पहिल्या तीन खणांत बसता. वरिष्ठ लिपिक हे गट-क, म्हणजे जुना वर्ग तीन. तुम्ही निवृत्त झालेल्या आहात. आणि चूक २०११ची, आदेश २०२५चा. खोटी कागदपत्रे देऊन किंवा माहिती लपवून वेतनवाढ घेतली असती, तर यातले काहीच लागू झाले नसते. पण फिक्सेशनचा तक्ता आस्थापना शाखेने केला, डीडीओने (पगाराची बिले काढणाऱ्या अधिकाऱ्याने) सही केली, तुम्ही फक्त पगार घेतला. हे एक वाक्य अर्जात स्पष्ट यायला हवे.

साहेबांचे निम्मे खरे कुठे आहे, तेही सांगायला हवे. चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले होते की जादा दिलेला पैसा करदात्यांचा आहे आणि तो परत घेता येतो. त्या आणि आधीच्या निकालांच्या ओढाताणीतूनच मसीहची यादी आली. दुसरा, तुमच्यासाठी जास्त त्रासदायक निकाल म्हणजे पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग, २९ जुलै २०१६. सुधारित वेतन घेताना "जादा दिले गेल्यास परत करीन" असे हमीपत्र कर्मचाऱ्याने दिले असेल, तर तो त्याला बांधील आहे, असे त्यात ठरले. तिथे वसुली मान्य झाली, फक्त दोन वर्षांच्या हप्त्यांत करायला सांगितली. ऑफिसच्या उत्तरात, आणि पुढे सादरकर्ता अधिकाऱ्याच्या (शासनाची बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या) युक्तिवादात, हाच निकाल येणार हे गृहीत धरून तयारी करा.

जगदेव सिंगला उत्तर देताना त्या निकालातले शब्द आणि तुमची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते, गट-क मधले नव्हते. आणि न्यायालयाने मसीहमधला दुसरा खण, म्हणजे निवृत्तांचा, हमीपत्र असताना लागू होणार नाही असे म्हटले. पहिल्या खणाबद्दल, म्हणजे वर्ग तीन आणि चारबद्दल, तसे म्हटलेले नाही. त्यामुळे अर्जात "मी निवृत्त आहे" हा मुद्दा पुढे करून गट-कचा मुद्दा शेवटी ढकलू नका. आधी गट-क, मग पाच वर्षे, मग निवृत्ती.

तुमच्या फाईलमध्ये बहुधा तीन हमीपत्रे असतील. सहाव्या आयोगाच्या वेळी, सुधारित वेतन नियम २००९ खाली विकल्पासोबत दिलेले. सातव्याच्या वेळी, २०१९च्या नियमांखाली दिलेले. आणि एप्रिल २०२५ मध्ये घेतलेले. तिघांची छायाप्रत मिळवा आणि शब्दन्‌शब्द वाचा. वेतन आयोगाच्या वेळचे हमीपत्र त्या सुधारित वेतनश्रेणीत केलेल्या वेतननिश्चितीपुरते असते. तुमची चूक त्या वेळची नाही, ती २०११च्या बढतीच्या फिक्सेशनमधली आहे. हमीपत्रात "या नियमांनुसार वेतननिश्चिती चुकल्यास" अशा अर्थाचे शब्द असतील, तर ते तुमच्या वसुलीला पुरत नाहीत हा सरळ युक्तिवाद आहे. एप्रिलचे हमीपत्र तर लाभ देताना घेतलेलेच नाही. लाभ चौदा वर्षांपूर्वी दिला आणि सही पेन्शनची फाईल अडवून घेतली. जगदेव सिंगमध्ये वजन कशाला होते? पैसे घेतानाच कर्मचाऱ्याला परतफेडीची पूर्वकल्पना होती, याला. निवृत्तीच्या तोंडावर घेतलेल्या सहीने ती पूर्वकल्पना मागच्या तारखेने तयार होत नाही.

ही खात्रीची गोष्ट म्हणून मात्र सांगत नाही. हमीपत्राच्या मुद्द्यावर वेगवेगळ्या खंडपीठांनी वेगवेगळा भर दिलेला आहे, आणि तुमच्या २०१९च्या हमीपत्राचे शब्द फार व्यापक निघाले, तर २०१६ नंतरच्या रकमेवर वाद होऊ शकतो. २ मे २०२२च्या थॉमस डॅनियल निकालाचा (केरळमधल्या निवृत्त शिक्षकाचे प्रकरण) तुम्हाला उपयोग होईल. नियमाचा अर्थ मालकाने चुकीचा लावला आणि कर्मचाऱ्याची फसवणूक नव्हती, तेव्हा निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी वसुली नको, असे सर्वोच्च न्यायालयाने तिथे सांगितले. पण हा कर्मचाऱ्याचा हक्क नसून न्यायबुद्धीने दिलेला दिलासा आहे, हेही त्यातच नमूद आहे. म्हणूनच तुमच्या बाजूची वस्तुस्थिती, म्हणजे वेतन किती होते आणि पैसे कशावर खर्च झाले, थोडक्यात का होईना मांडणे फुकट जात नाही.

राहिला नियम १३४-अ. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला हा नियम निवृत्ताला सेवाकाळात जादा दिलेली रक्कम वसूल करायला परवानगी देतो, हे खरे. पण त्याच नियमाच्या परंतुकात (नियमाला जोडलेल्या अटीत) आधी कारणे दाखवण्याची वाजवी संधी द्यायला सांगितले आहे. तुम्हाला नोटीस आलीच नाही. म्हणजे ज्या नियमावर ऑफिस उभे आहे, तोच ऑफिसने पाळलेला नाही. "आक्षेपाची प्रत तुम्हाला दाखवली होती" असे ते म्हणतील. आक्षेप दाखवणे आणि "अमुक रक्कम का वसूल करू नये ते इतक्या दिवसांत कळवा" अशी नोटीस देणे, यात फरक आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाचे २ मार्च २०१६चे ज्ञापन लोक अर्जाला जोडतात. जोडायला हरकत नाही, पण ते केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमचे ऑफिस त्याला बांधील नाही, त्यामुळे त्यावर मुख्य भिस्त ठेवू नका.

आता कागद गोळा करा. लागतील ते असे: वसुलीचा आदेश, पडताळणी पथकाच्या आक्षेपाची प्रत, सुधारित वेतननिश्चितीचा आदेश, २००३ आणि २०११च्या वेतननिश्चितीच्या नोंदी असलेली सर्व्हिस बुकाची पाने, तिन्ही हमीपत्रे, महिनावार वसुली तक्ता, महालेखापालांकडून आलेले ग्रॅच्युइटीचे प्राधिकारपत्र आणि ग्रॅच्युइटी जमा झाल्याची पासबुकातली नोंद. साध्या अर्जावर मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील. "माझी वसुली का केली?" असे विचारू नका. त्याला "माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" हेच उत्तर येते. "अमुक क्रमांकाच्या आदेशाच्या आधारे केलेल्या वसुलीचा महिनावार तक्ता" असे कागदाचे नाव लिहून मागा.

वसुली तक्ता हातात आला की कॅल्क्युलेटर घेऊन बसा. इथे हमखास चुका सापडतात. असाधारण रजेच्या आणि विनावेतन महिन्यांतही फरक धरलेला असतो. शासकीय निवासस्थानात असताना घरभाडे मिळालेलेच नसते, तरी तक्त्यात घरभाड्याचा फरक येतो. सर्वांत मोठी गफलत सातव्या आयोगाच्या थकबाकीत होते. १ जानेवारी २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ची थकबाकी पाच हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा झाली. तक्ता करणारा ती पूर्ण "अदा" धरून फरक काढतो. एखादा हप्ता तुम्हाला मिळालाच नसेल, तर न मिळालेल्या पैशांची वसुली झालेली असते. अशी एक जरी ठोस चूक दाखवता आली, तरी अर्ज वाचणारा अधिकारी सावध होतो, कारण तक्त्यावर त्याचीच सही असते.

अर्ज कार्यालयप्रमुखांना द्या. प्रत विभागप्रमुख, कोषागार आणि पडताळणी पथकाला. दोन पानांच्या वर जाऊ नका. गाभ्याचा मजकूर साधारण असा ठेवा:

"मी गट-क संवर्गातील वरिष्ठ लिपिक या पदावरून दि. ३१ मे २०२५ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले आहे. सन २०११ मधील वेतननिश्चिती कार्यालयाने स्वतः केली असून त्यात माझ्याकडून कोणतीही चुकीची माहिती दिली गेलेली नाही अथवा कोणतीही माहिती लपविली गेलेली नाही. सदर अतिप्रदान आदेशाच्या दिनांकापूर्वी चौदा वर्षे चालू होते. वसुलीपूर्वी मला कारणे दाखवा नोटीस देण्यात आली नाही. एप्रिल २०२५ मधील हमीपत्र निवृत्तिवेतन प्रकरण सादर करण्याची अट म्हणून घेण्यात आले; ते लाभ देतेवेळी घेतलेले नाही. सबब मा. सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह प्रकरणातील निर्णयानुसार वसुली आदेश रद्द करून रु. २,८६,४२० व्याजासह परत करण्यात यावेत. सुधारित वेतननिश्चितीबाबतचे माझे म्हणणे मी राखून ठेवीत आहे."

शेवटचे वाक्य वगळू नका. अर्ज हातोहात देऊन पोच घ्या आणि आवक क्रमांक लिहून ठेवा. पोस्टाने पाठवायचा तर पोचपावतीसह.

ऑफिस स्वतःहून पैसे परत देईल अशी आशा फार धरू नका. डीडीओला तो अधिकार आहे का, यावरच फाईल फिरत राहते, आणि परतीच्या आदेशावर सही केली तर उद्या लेखापरीक्षणात आपल्यावर परिच्छेद (आक्षेप) निघेल अशी त्याला धास्ती असते. तरीही अर्ज लागतोच, कारण पुढची पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. आधी खात्याकडे दाद मागितली का, हे तिथे विचारतात. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ प्रमाणे अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत मूळ अर्ज दाखल करावा लागतो. निवेदन दिले आणि सहा महिने उत्तर आले नाही, तर त्यानंतर एक वर्ष मिळते. मात्र निवेदनावर निवेदन, स्मरणपत्रावर स्मरणपत्र देत राहिल्याने मुदत वाढत नाही. तारखेच्या हिशोबात अडकण्यापेक्षा १४ ऑगस्ट २०२६च्या आधी मूळ अर्ज दाखल झालेला असेल असे पाहा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो न्यायाधिकरणाच्या मर्जीवर.

मॅटची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. प्रतिवादींमध्ये विभागाचे सचिव, कार्यालयप्रमुख, पडताळणी पथक, कोषागार अधिकारी आणि महालेखापाल घ्या, नाहीतर परतीचा आदेश झाल्यावर "आम्ही पक्षकार नव्हतो" म्हणून एक जण हात झटकतो. मागणीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: वसुली आदेश रद्द करणे, रक्कम व्याजासह परत देणे, आणि फिक्सेशनवर वाद असेल तर सुधारित वेतननिश्चितीचा आदेश रद्द करणे. व्याज मागितले नाही तर बहुतेक वेळा मिळत नाही. ग्रॅच्युइटीच प्रशासकीय दिरंगाईने तीन महिन्यांहून उशिरा मिळाली असेल, तर नियम १२९-अ खालचे व्याज ही स्वतंत्र मागणी आहे. तुमची ग्रॅच्युइटी कोणत्या तारखेला जमा झाली, ते पासबुकात बघून ठरवा.

तुमच्यासारखेच पत्र जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेच्या कर्मचाऱ्याकडे असेल, तर त्यांना मॅटचे दार नाही. त्यांनी उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करायची असते. मुद्दे तेच, दालन वेगळे.

आणि ज्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आहे त्यांनी सर्व्हिस बुक आत्ताच पडताळणीला पाठवायला लावावे. लिपिक संवर्गात टंकलेखन प्रमाणपत्र उशिरा दिल्याने किंवा हिंदी-मराठी भाषा परीक्षा, एमएस-सीआयटी वेळेत न झाल्याने अडलेल्या वेतनवाढी तशाच सुटलेल्या असतात. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम केलेल्यांच्या एकस्तर वेतनश्रेणीतही (त्या भागात असेपर्यंत एक टप्पा वरची वेतनश्रेणी; ६ ऑगस्ट २००२चा शासन निर्णय) असेच घोळ सापडतात, विशेषतः त्या भागातून बदली झाल्यावर वेतन मूळ टप्प्यावर आणलेले नसेल तर. ऑफिस चलनाने पैसे भरायला सांगत असेल आणि भरल्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र मिळत नसेल, तर भरा, पण सोबत "हक्क राखून, निषेध नोंदवून भरत आहे" असे पत्र देऊन त्याची पोच घ्या. स्वेच्छेने भरले असा अर्थ पुढे कोणी काढू नये.

आता मुलाचे. मसीहची यादी खासगी कंपनीला लावता येईल असे धरून चालू नका. तिथे वेतन संहिता, २०१९ बघायची. ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे आणि वेतन प्रदान अधिनियम, १९३६ तिच्यात सामावला गेला. जुन्या कायद्याला दरमहा २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती, त्यामुळे आयटीतली मुले त्याच्या बाहेर राहत. संहितेतल्या वेतनाच्या तरतुदींना तशी मर्यादा नाही. जादा दिलेल्या वेतनाचे समायोजन करण्यासाठी पगारातून कपात करायला संहिता मुभा देते, तेव्हा "कंपनीची चूक, मी का देऊ?" हा पवित्रा टिकणार नाही. मात्र एका वेतन कालावधीतली सगळ्या प्रकारची एकूण कपात त्या कालावधीच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. यात भविष्य निर्वाह निधी, टीडीएस, व्यवसाय कर हेही आले. म्हणजे आधीच पंचवीस टक्के कपात जात असेल, तर समायोजनाला उरतात पंचवीस. तीन महिन्यांचा फरक एका फटक्यात कापून हातात काहीच न ठेवणे बसत नाही. निम्म्यावरची रक्कम पुढच्या महिन्यांत घ्यावी लागते.

त्याने एचआरला ईमेलवर तीन गोष्टी मागाव्यात. जादा कोणत्या घटकात दिले (मूळ वेतन, भत्ता की इन्सेंटिव्ह) त्याचा महिनावार हिशोब, निव्वळ हातात आलेली रक्कम मागत आहेत की करासकट एकूण, आणि हप्ते. दुसऱ्या प्रश्नावर अडून राहावे. जादा पगारावर टीडीएस आणि पीएफ आधीच कापले गेले असतील आणि कंपनी एकूण रक्कम मागत असेल, तर खिशात न आलेले पैसेही त्याच्याकडून जातात. समायोजन ३१ मार्चच्या आत, त्याच आर्थिक वर्षात झाले तर कंपनी टीडीएस वर्षाअखेरीस जुळवू शकते. वर्ष उलटले की ते किचकट होते. तो नोकरी बदलायच्या विचारात असेल तर राजीनाम्याआधीच हप्त्यांचे पत्रक लेखी करून घ्यावे, नाहीतर फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशोबात) रजेचे पैसे आणि हा फरक एकत्र करून एकच आकडा दाखवतात, आणि त्यात काय कापले ते सोडवत बसावे लागते. संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, पण इतक्या रकमेसाठी तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. ईमेलचे उत्तर आले की आकडे आम्हाला कळवा, ते तपासून देऊ.